बर्फाला घाम

नियम असा आहे:
आइसपॅक फ्रीजमधून काढायचा, फळीवर ठेवायचा
आणि त्याला घाम येईपर्यंत थांबायचं.
मगच लशीच्या डब्यात.
घाई केली तर बाटली गोठते.
गोठलेली लस दिसते तशीच,
फक्त काम करत नाही.

मे महिन्यात दोन मिनिटांत सुटतो त्याला घाम.
आज पौषातली पहाट,
नर्मदेच्या फुगवट्यावर आमची दवाखान्याची बोट
अजून दोराला बांधलेली,
आणि पॅक कोरडा.
दहा मिनिटं. वीस.
मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे.

वर टपावर खेमला
रात्रीचं दव नखानं खरवडतोय.
सांडलेल्या मिठासारखं ते त्याच्या बोटावर.
चाटून बघतो, म्हणतो, "अळणी."

फोनला रेंज एकाच जागी येते,
पाण्याबाहेर राहिलेल्या सागाच्या वठल्या शेंड्यापाशी.
तिथं बोट हळू होते, शिरपूरहून आई विचारते,
"हिव शे का वं तठे?"
शे, माय.
"कळण्याची भाकर खाय, आन् कान बांध."
शेंडा मागे जातो, आईही.

मग धुकं.
दिवा लावला तरी दिसतं काय, दिव्याचंच धुकं.
खेमला इंजिन बंद करतो आणि वल्ह्यानं तळ चाचपतो,
तळ म्हणजे टेकडीचा खांदा,
इथं त्याच्या मामाचं खळं होतं.
पाण्यातून वाफ निघतेय, सरळ, संथ, जागोजाग.
"खाली चुली पेटल्या," तो म्हणतो.
मी हसत नाही, तेव्हा तोच हसतो.
"नाय बाई. पाणी ऊन, हवा गार, म्हणून.
शाळेत शिकवलं होतं.
शाळा पण खालीच आहे."

राज्याच्या नकाशात अगदी वर, डाव्या कोपऱ्यात
जिथं छापताना शाई जरा फाकते
तिथं हे बेट.
पूर्वी ही टेकडी होती,
गुरं चारायला वर यायचे लोक.
आता सात घरं, एक हापसा,
आणि चारी बाजूंनी उतरण संपून पाणी.

काठावर रायली उभी, अनवाणी,
भावाचा स्वेटर घुडघ्यापर्यंत.
रात्री तिनं भाताच्या पेंढ्यावर ताट ठेवलं होतं
पाणी भरून.
आता ताटातून अख्खी चकती उचलून
डोळ्यापुढे धरते, त्यातून मला बघते.
मी तिला कशी दिसले असेन,
वाकडी, पांढरी, तडा गेलेली?
"हे घे," म्हणते, "तुझ्या डब्यात ठेव.
तू बर्फ लांबून आणतेस ना."

तिला सांगायचं होतं,
असा चालत नाही, आधी त्याला घाम यावा लागतो.
पण तिच्या बोटांमधून तो आलाच होता,
मनगटावरून कोपराकडे, थेंब थेंब,
बोटं लाल, आणि ती सोडेना.

घरात शेकोटीचा धूर.
सेवंतीचं बाळ दीड महिन्याचं,
फडक्यात इतकं गुंडाळलेलं
की मांडी शोधावी लागली.
मी बाटली हलवली, उजेडाकडे धरली.
कण नाहीत, तळाशी काही बसत नाही.
वाचली.
सुई काढली तेव्हा बाळ ओरडलं
आणि त्या ओरडण्याबरोबर
तोंडातून वाफेचा एवढासा गोळा निघाला.
सेवंतीनं तो फुंकर घालून बाजूला केला
माशी उडवावी तसा.

वहीत लिहिलं: डब्याचं तापमान चार अंश, ठीक.
बाहेरच्या तापमानाला रकाना नाही.
समासात लिहिलं, ताटात बर्फ.
मग वाटलं साहेब विचारतील,
खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.

परतताना खेमलानं चहा केला,
डब्याच्या झाकणात ओतून दिला.
काठावर रायली रिकाम्या ताटात
पुन्हा पाणी भरत होती,
अजून सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.